थोरली बोलू लागली

त्या साली पावसानं असं काही तोंड फिरवलं की उन्हाळा निम्मा व्हायच्या आतच टेकडीवरचं गवत न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखं झालं. सकाळी कुरणात सोडलेल्या गाई घटकाभरानं फाटकाशी परत यायच्या आणि गोठ्याकडं तोंड करून हंबरत बसायच्या. विकतच्या चाऱ्याचे ट्रक आधी दिवसाआड यायचे, मग आठवड्यानं यायला लागले. गाईंच्या फऱ्यांची हाडं वर आली. यंत्राच्या नळ्या सडांना लावल्या की पूर्वी काचेच्या बुधल्यात दुधाचा धबधबा पडायचा. आता चुळका चुळका यायचा, नि मग नुसतीच हवा.

एका सकाळी धारा उरकत आल्या होत्या तेव्हा मालक गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली होती. एरवी तो दारातूनच ओरडायचा; त्या दिवशी आवाज खाली होता.

"निम्म्या गाई पुढच्या आठवड्यात जातील. उरलेल्या थंडी पडायच्या आत. मग गोठा बंद."

एवढं बोलून तो वळला नि गेला.

धाकटी वासरांना बादलीतून दूध पाजत होती. एक वासरू बादलीला ढुशी देत राहिलं, दूध तिच्या गमबुटात सांडलं, पण तिचं लक्ष नव्हतं. तिची थोरली जाऊ पलीकडं पाइपानं जमीन धूत होती. पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी निम्मं कळलं नसतं. तिनं हनुवटी उडवून विचारलं, "काय म्हणत होता गं?"

धाकटीनं सांगितलं. थोरलीनं तोटी बंद केली. पाइपातलं उरलेलं पाणी तिच्या पायाशी गळत राहिलं.

"मग माझं?" ती म्हणाली.

प्रश्न एवढाच होता, नि तो खरा होता. धाकटी आणि तिचा नवरा या देशात आधी आले होते; त्यांना मागच्याच वर्षी नागरिकत्व मिळालं होतं. थोरली मागाहून आली. नवरा गेल्यावर तिच्यामागं कुणी नव्हतं, आणि इकडं धाकटीची मुलगी जन्मली तेव्हा बाळंतपण करायला माणूस हवं होतं. बाळंतपण झालं, पोर रांगायला लागलं, थोरलीनं याच गोठ्यात काम धरलं नि राहिली. पण तिचा इथं राहायचा परवाना या गोठ्याच्या नोकरीवर होता. गोठा बंद झाला की परवाना संपला. नागरिकत्वाचा अर्ज करायला लागणारी वर्षं मात्र तिची नुकतीच भरली होती. अर्ज एकदा दाखल करून घेतला की निकाल लागेपर्यंत तिला कुणी हलवू शकत नव्हतं, आणि काम तिला कुठंही करता आलं असतं.

"मग करू की अर्ज!" संध्याकाळी धाकटीचा नवरा बूट काढत म्हणाला. ट्रॅक्टर चालवून त्याच्या पापण्यांवर धूळ बसली होती. "वहिनींना कोण घालवतंय बघतो मी."

"अर्ज म्हणजे सही करून टाकायची चिठ्ठी नाही," धाकटी म्हणाली. "जिल्ह्याच्या कार्यालयात साहेबापुढं बसून बोलावं लागतं. इथल्या भाषेत. देशाची माहिती विचारतात, तुमच्याबद्दल विचारतात. बोलता आलं तरच अर्ज घेतात."

तिघंही थोरलीकडं बघायला लागली, धाकटीची लहानगी चिमणीसुद्धा.

"माझ्याकडं काय बघताय? शिकेन की," थोरली म्हणाली. "गाई पिळायला कुठं जन्मतः येत होतं?"

थंडीच्या आधीची एकच तारीख मोकळी होती. धाकटीनं ती दुसऱ्याच दिवशी धरून ठेवली. ती ठेवल्यापासून तिला चैन पडेना. स्वतःच्या मुलाखतीला ती एवढी हलली नव्हती. कासेखाली बसल्या बसल्या ती प्रश्न जुळवायची, झाडू मारताना उत्तरं सोपी करायची. कुणाला तरी हात धरून नदीपार न्यायचंय, आणि तेही जिनं आपल्याला हात धरून संसार शिकवला तिला, या विचारानं तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं.

पण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जेवणं झाली की दोघी टेबलाशी बसायच्या. धाकटी विचारायची, "या देशात कायदे कोण करतं?"

थोरली जांभई देऊन म्हणायची, "कायदे करणारेच करतात, आणखी कोण करणार?"

"ताई, नीट."

"तू मला नीट शिकवू नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला दिव्याची वात सारता येत नव्हती."

"दिवा विजेचा होता ताई, वात कुठली?"

"तेच म्हणते मी. बटण सापडत नव्हतं तुला."

आणि हसता हसता थोरलीची मान छातीवर पडायची. पहाटेपासून राबलेलं अंग; खुर्चीला पाठ टेकली की झोप टपलेलीच असायची. तिचे हात टेबलावर पडून राहायचे, यंत्राच्या गरम पाण्यानं सोललेले, बोटांच्या पेरांना भेगा पडलेले. धाकटी त्या हातांकडं बघायची, मग दिवा मालवायची.

गावातल्या वाचनालयात अशा लोकांसाठी वर्ग भरायचा. एक निवृत्त शिक्षिका, मोठ्या चष्म्याच्या बाई, अर्ज करणाऱ्यांची तयारी फुकट करून घ्यायच्या. धाकटी थोरलीला तिकडं घेऊन गेली. थोरली ठेवणीतली साडी नेसली, तिनं केसांना तेल लावलं. खोलीत वेगवेगळ्या देशांची माणसं अर्धगोलात बसली होती. एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर शेजारच्या माणसाची पिशवी होती.

थोरली त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली नि इथल्या भाषेत खणखणीत म्हणाली, "सरक!"

तो माणूस पिशवीसकट हलला. बाई हसत उठल्या, स्वागताला पुढं आल्या. थोरलीला वाटलं, आपल्यासाठी एवढ्या वयाच्या बाई उभ्या राहिल्या. ती गडबडून म्हणाली, "थांब! मागे हो! बस!"

खोलीत असा हशा उसळला की बाहेर मासिकं चाळणारे लोक दारातून डोकावले. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पण व्हायचं ते झालं होतं. थोरलीचा चेहरा लाखेसारखा लाल झाला. वर्ग संपेपर्यंत तिनं मांडीवरच्या हातांवरून नजर उचलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी पुन्हा यायची नाही. गावाकडं पाठवा मला."

दोघी घराकडं चालत निघाल्या. रस्त्याच्या कडेची धूळ पावलागणिक उडत होती. धाकटी वाटेत मधेच थांबली. मग म्हणाली, "ताई, इथल्या भाषेतलं तुम्हाला काय काय येतं, सगळं सांगा बघू."

"चेष्टा करतेस?"

"नाही हो. सांगा."

थोरलीनं बोटांवर मोजायला घेतलं. "सरक. थांब. मागे हो. पाय उचल. हट. बस. उठ." ती थोडी थांबली. "लवकर कर. तिकडं नको. हे कुणी सांडलं? उद्या लवकर ये. पुन्हा धू."

धाकटीला आधी हसू आलं, नि तोंडातल्या तोंडात जिरलं. पहिली सगळी गाईंना म्हणायची बोलणी होती. पुढची मालकाची. इतकी वर्षं या भाषेत थोरलीनं गाईंना हुकूम सोडले होते आणि माणसांचे ऐकले होते. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. मग बोलणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"ताई," ती म्हणाली, "उद्यापासून टेबलाशी बसायचं नाही."

"सुटले!"

"गोठ्यात बोलायचं. आपली भाषा गोठ्याच्या दारात ठेवायची, चपलांसारखी. आत इथलीच."

गोठ्यात धारा काढायला आणखी एकजण होता, तिसऱ्याच देशातला. त्याला दोघी लंबू म्हणायच्या, कारण दाराच्या चौकटीला रोज त्याचं कपाळ लागायचं. त्याची वर्षं भरायला अजून अवकाश होता, पण योजना ऐकून तो टाळ्या वाजवायला लागला. त्याला यांचं बोलणं कळायचं नाही, यांना त्याचं. तेव्हा तिघांना बोलायला एकच रस्ता होता. धाकटीनं नियम केला: हुकूम बंद. गाईलासुद्धा पूर्ण वाक्यात विनंती करायची.

पहिल्या दिवशी थोरली एका तांबड्या गाईपुढं हात कमरेवर ठेवून उभी राहिली. ओठ हलले, आवाज निघेना. शेवटी एकेक शब्द जमिनीतून खुंटी उपटावी तसा काढत ती म्हणाली, "बाई... आपण... उजवा पाय... मागे घ्याल का?"

गाईनं शेपटीचा फटका तिच्या गालावर हाणला.

"नाही म्हणाली!" लंबू ओरडला, आणि तिघंही इतकी हसली की यंत्राची नळी खाली पडून फुसफुसत राहिली. त्या हसण्यात थोरलीचं काहीतरी सैल झालं. दुपारपर्यंत ती गाईंची चौकशी करायला लागली होती. "तुमची तब्येत कशी आहे? तुम्ही कुठून आलात? तुम्हाला मुलं किती?" लंबू कठड्याआड लपून गाईच्या वतीनं उत्तरं द्यायचा. "मला चार मुलं. सगळी तुम्ही पळवली!" मग थोरली गाईची क्षमा मागायची, तीही पूर्ण वाक्यात.

दिवस भराभर सरकू लागले. कास धुता धुता कायदेमंडळ झालं, शेण ओढता ओढता मतदान झालं, वासरांच्या बादल्या घासता घासता झेंड्याचे रंग नि न्यायालयं झाली. थोरली चुकायची तेव्हा दणदणीत चुकायची. मतदान कोण करू शकतं, तर म्हणाली, "अठरा वर्षांची कुठलीही गाय." पण तिला आता विचारायची चटक लागली होती. "या रंगाचा अर्थ काय?" "कायदा वाईट निघाला तर मोडायचा कुणी?" धाकटीला सगळ्यांची उत्तरं येत नसत. मग दोघी पुन्हा वाचनालयात जायला लागल्या, आणि चष्म्याच्या बाईंना थोरली दारातूनच विचारायची, "आपण कशा आहात? माझे प्रश्न आज पुष्कळ आहेत. आपण बसून घ्या."

पिशवीवाला माणूस आता तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवायचा.

अडलं ते मालकापाशी. अर्जाला कामाचा दाखला लागत होता आणि तो मालकच देऊ शकत होता. धाकटीनं दोनदा विचारलं, दोनदा "उद्या" झालं. पहिला ट्रक गाई घेऊन गेल्यापासून मालक कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. गव्हाणीचा निम्मा भाग ओस पडला होता. बोललं की घुमायचं. तारीख तोंडावर आली. धाकटीच्या नवऱ्यानं अस्तन्या सरसावल्या. "मी जाऊन बोलतो."

"तुम्ही नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. "माझा दाखला आहे."

ती तशीच गमबुटांत, शेणानं भरलेल्या एप्रनवर मालकाच्या घरापुढं गेली. धाकटी मागोमाग धावली, पण थोरलीनं तिला कुंपणापाशी थांबवलं. मालक ओट्यावर बसून होता. इतक्या वर्षांत थोरली त्याच्याशी "हो" आणि "बरं" यापलीकडं बोलली नव्हती.

"मालक, मला आपल्याशी बोलायचं आहे," ती म्हणाली.

मालकानं असं वर पाहिलं, जशी एखादी गायच बोलली.

"मी इथं चांगलं काम केलं. तुमच्या गाई जातात, तुम्हाला दुःख होतं. मलाही होतं. तांबडी गेली तेव्हा मी रडले. पण मला दाखला पाहिजे. उद्या नको. आज पाहिजे. कृपा करून."

मालक उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तुला बोलता येतं?"

"येतं. आता येतं."

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. कुंपणाचा खिळा धाकटीच्या तळहातात रुतला होता, तरी तिनं मूठ सोडली नाही. मालक परत आला तेव्हा हातात दाखला होता, आणि तो बाजूला सरकून म्हणाला, "ऊन आहे. बस जरा." थोरली बसली. मग ती दोघं बराच वेळ बोलली. मधेच मालक दूर शहराच्या दिशेनं हात करून काही सांगत होता, आणि थोरली मान हलवत पुन्हा पुन्हा विचारत होती. काय ते धाकटीला ऐकू आलं नाही, आणि थोरलीनं नंतर सांगितलंही नाही.

मुलाखतीच्या दिवशी दोघी पहिल्या बसनं निघाल्या. बसमध्ये थोरली गप्प, धाकटीच्या तोंडाला मात्र खळ नव्हता. "हळू बोला. साहेबाकडं बघून बोला. नागरिकत्व कशाला हवं विचारलं तर काय म्हणाल?"

"माझं कुटुंब इथं आहे आणि मला हा देश आवडतो."

"शाब्बास. त्याच्यापुढं काही नको."

कार्यालयातल्या बोळात बाकांवर माणसं खेटून बसली होती. कुणी ओठ हलवत पाठ म्हणत होतं, कुणी लेकराच्या तोंडात बिस्कीट कोंबत होतं. थोरलीला हाक आली. ती उठली, पदर सारखा केला, आत गेली. दार लागलं.

धाकटीला वाटलं, आता नुसतं वाट बघणं. पण गोठ्यातल्या यंत्रांच्या घरघरीत ज्या गळ्यानं वर्षं काढली तो गळा लाकडी दाराला थोडाच ऐकणार! साहेबाचं बोलणं पुटपुटल्यासारखं येत होतं, आणि थोरलीचं उत्तर बोळभर.

"कायदेमंडळ करतं!" आतून आलं.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बरोबर."

"अठरा वर्षं पूर्ण झालेला नागरिक! गाय नाही!"

मग साहेबाचं हसू ऐकू आलं. बोळातले लोक बाकावर पुढं सरकले. पुढच्या प्रश्नाला थोरली अडली. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई ओठांतल्या ओठांत उत्तर पुटपुटायला लागली, जणू ते दाराखालून आत सरकेल. धाकटीनं पदराचं टोक दातांत धरलं.

"हे मला आठवत नाही," थोरली म्हणाली. "दुसरं विचारा. कृपा करून."

दुसरं आलं, तिसरं आलं. मग साहेबाचा आवाज जरा बदलला, आणि धाकटी समजली की आता तो शेवटचा प्रश्न.

"माझं कुटुंब इथं आहे," थोरली म्हणाली.

धाकटीनं श्वास सोडला.

"पण ते खरं कारण नाही."

धाकटी बाकावरून अर्धी उठली.

"मी बापाच्या घरात राहिले. मग नवऱ्याच्या. आता दिराच्या घरात राहते. सगळे चांगले आहेत. जाऊ फार चांगली आहे, ती बाहेर बसली आहे, तिनं मला बोलायला शिकवलं. पण मला माझं घर पाहिजे. लहान चालेल. दार मी लावणार, दार मी उघडणार. परवाना दुसऱ्याच्या हातात असला की घर आपलं होत नाही."

साहेबानं काहीतरी विचारलं.

"हो, एकटी. भीती? गाय लाथ मारते तेव्हा वाटते. एकटीची नाही वाटत."

बोळात कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. दार उघडलं तेव्हा सगळे साळसूद चेहऱ्यानं भिंतीकडं बघत होते.

थोरली बाहेर आली. कपाळावर घाम, हातात अर्जाची पोचपावती.

"घेतला," ती म्हणाली. "घेतला गं अर्ज!"

धाकटीनं तिला मिठी मारली. लेकुरवाळ्या बाईनं तिचा हात हातात घेतला, म्हाताऱ्यानं टोपी उचलली. दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या नि विनाकारण पळायला लागल्या. बस उभीच होती तरी पळाल्या. खिडकीशी बसून धापा टाकत हसत राहिल्या.

हसू ओसरलं तसं धाकटीच्या मनात मघाचं बोलणं टोचायला लागलं.

"घर पाहिजे म्हणे," ती म्हणाली. "आमच्या घरात काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं. मी स्वयंपाकघरात खाट टाकून झोपते. पहाटे तू पाणी प्यायला आलीस की मी जागी होते. रात्री भाऊजी आले की जागी होते. मी कधी बोलले?"

"बोलायचं होतं."

"बोलायला आत्ता तर शिकले!"

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. हात धरून नदीपार न्यायचं म्हणाली होती खरी. पार गेल्यावर माणूस हात सोडणार, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, आनंदही असा उसळून आला की तिला दोन्ही एकदम आवरेनात. तिनं थोरलीच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं! मारतेस कशाला?"

"आणि काम? गोठा तर बंद होतोय."

"शहरातल्या डेअरीत. यंत्रं धुवायला माणूस हवंय. मालकानं नाव सांगितलं त्या दिवशी. मी मंगळवारी जाऊन विचारून आले."

"एकटी?"

"वाचनालयात जाते म्हणाले होते. खोटं बोलले." थोरलीनं गंभीरपणे सांगितलं. "तेवढं साहेबानं विचारलं नाही."

बस वाटेतल्या शहराच्या चौकात थांबली. त्यांचा थांबा पुढं होता, पण थोरली उठली. "उतर. एक दाखवायचंय."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. दुकानदारानं ग्रीसच्या हातानं किल्ली दिली आणि वर बोट केलं. थोरली त्याला आधीच भेटून गेली होती हे उघड होतं. लाकडी जिना करकरला. खोली म्हणजे एक खिडकी, एक नळ, भिंतीला कोनाडा, आणि कोपऱ्यात कुणीतरी टाकून गेलेली तीन पायांची खुर्ची. धाकटीनं नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी ओढून पाहिली, भिंतीवर टिचकी मारून ओल आहे का पाहिलं.

"खाट इथं," ती म्हणाली. "डोकं खिडकीकडं नको, वारा लागेल. पडदा मी शिवून देते. शेगडीला फळी लागेल. चिमणी रविवारी येईल, तिला बसायला काहीतरी..."

"अगं, थांब की! खोली माझी आहे का तुझी?"

धाकटी थांबली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तेही थांबवायचा तिनं प्रयत्न केला. थोरलीनं पदरानं तिचं तोंड पुसलं, तान्ह्या पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच. मग तिला दोन्ही खांद्यांना धरून दाराकडं वळवलं.

"आता बाहेर जा."

"का?"

"जा म्हणते ना. दार लावून घे, आणि वाजव."

धाकटी बाहेर जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. खाली सायकलवाला हात पुसत वर बघत होता. तिनं दारावर टकटक केली.

"कोण आहे?" आतून खणखणीत आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"तुमची जाऊ!"

मग पावलं वाजली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, तीन पायांची खुर्ची इकडून तिकडं ओढल्याचा आला.

"जरा थांब हं," थोरली आतून म्हणाली. "मला वेळ आहे का बघते."